दरसाल दरशेकडा : वित्तशिक्षणाचा विसरलेला पाया

भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी' या संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्स विभागात व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, असे तीत आढळून आले. अशा व्यक्तींची संख्या एक कोटीच्या वर असून त्यांच्या एकत्रित तोट्याची रक्कम १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा आम्हा शिक्षकांना अधिक अस्वस्थ करणारा आहे. या व्यवहारांत उतरलेल्यांत तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

या घटनेची मीमांसा करताना 'लोभ' हा शब्द वापरून मोकळे होण्याची आपली रीत आहे. परंतु लोभ हा काही या पिढीने लावलेला शोध नव्हे. लोभी माणूसही निदान हिशेब करतो. येथे हिशेबच झालेला दिसत नाही. वित्त हा विषय आज महाविद्यालयांत अतिशय लोकप्रिय आहे आणि बँकिंग, विमा, वित्तीय बाजार अशा नावांच्या पदव्यांना गर्दी असते. दुसरीकडे, महाराष्ट्रात वाणिज्य शाखेच्या अकरावी-बारावीत गणित हा विषय ऐच्छिक आहे आणि दहावीचा पेपर संपताच गणिताला कायमचा रामराम ठोकणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. म्हणजे विद्यार्थी गणित सोडून वित्ताकडे येतो आणि मग वित्ताच्या पहिल्याच धड्यात ते सोडलेले गणित त्याला आडवे येते. तो सूत्रे पाठ करतो, उत्तीर्ण होतो, परंतु समोर ठेवलेला कर्जाचा कागद त्याला वाचता येत नाही.

वित्ताच्या प्राथमिक अभ्यासाला गणित लागते तरी किती? वस्तुतः फार थोडे. टक्केवारी, चक्रवाढ, भूमिती श्रेढी, सरासरी, संभाव्यता आणि 'बदलाचा दर' ही कल्पना एवढ्या शिदोरीवर पदवीपर्यंतचा बराचसा प्रवास होऊ शकतो. यांपैकी निम्म्याहून अधिक भाग शालेय पुस्तकांत आहेच. उणीव आहे ती या कल्पना पैशाच्या व्यवहाराशी जोडून पुन्हा एकदा उजळण्याची.

टक्का कशाचा?

वर्षारंभी वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहावा. एखाद्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढली आणि नंतर २० टक्क्यांनी घटली, तर शेवटी ती किती झाली? 'होती तेवढीच' असे उत्तर हमखास येते. शंभराचे एकशेवीस होतात, परंतु उतरताना २० टक्के हे एकशेवीसचे असतात, म्हणून शेवटी ९६ उरतात. टक्का म्हणजे केवळ संख्या नव्हे, तो कशाचा तरी टक्का असतो, ही गोष्ट विसरल्यामुळे होणारी ही चूक आहे. हीच चूक मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर शेअरची किंमत निम्म्यावर आल्याची कल्पना करावी. ५० टक्के घसरण भरून निघण्यास ५० टक्के वाढ पुरत नाही, त्यासाठी १०० टक्के वाढ लागते. 'पडले तेवढे चढेल' या आशेवर बसून राहणाऱ्याला हे ठाऊक असणे इष्ट नव्हे काय?

भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये 'लीलावती' सिद्ध केली, तीत व्याजाची उदाहरणे आणि त्रैराशिक यांना मानाचे स्थान आहे. त्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात मिळते. व्याजाचे गणित हे विद्वानांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे आहे, असे त्या परंपरेला वाटले नव्हते. आपल्या शाळांतही 'द. सा. द. शे.' ही अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या घोकली गेली. परंतु त्यांतील 'दरसाल' या शब्दाचे महत्त्व आपण विसरलो. दर सांगताना मुदत सांगितली नाही, तर तो दर निरर्थक असतो.

दामदुप्पट आणि चक्रवाढ

'शेकडा दोन' हा आकडा ऐकावयास सौम्य वाटतो. परंतु तो दरमहा असेल तर वर्षाचे सरळव्याज २४ टक्के होते आणि व्याज दरमहा मुद्दलात मिळवले तर वर्षअखेर तेच २६.८ टक्के भरते. सरळव्याजाने या दराने मुद्दल दुप्पट होण्यास ५० महिने लागतात, चक्रवाढीने ३५. ज्याला हा पंधरा महिन्यांचा फरक दिसत नाही, त्याच्या खिशातून तो नकळत जातो.

आपल्या पूर्वजांना याची जाण होती. हिंदू कायद्यातील 'दामदुप्पट' हा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानला होता. एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असे तो नियम सांगत असे. चक्रवाढीच्या वेगाला घातलेला तो सामाजिक लगाम होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांनी मुख्यतः कर्जखते हस्तगत करून जाळली. त्या उठावामागे कापसाचे कोसळलेले भाव होते, वाढीव सारा होता, आणखीही कारणे होती. केवळ हिशेब न समजल्यामुळे दंगे झाले असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. तथापि ज्या कागदावर अंगठा उठवला त्यातील आकडा कसा वाढत गेला, हे ऋणकोला ताडून पाहता येत नव्हते, हेही तितकेच खरे. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जखतावरील रकमेवर न थांबता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचे अधिकार दिले. आजचा ऋणको साक्षर आहे, तो अंगठा उठवीत नाही, सही करतो. परंतु सही करण्यापूर्वी तो हिशेब तपासतो काय?

चक्रवाढ ही जशी ऋणकोला बुडवते तशी ठेवीदाराला भुलवते. मुंबई शेअर बाजाराच्या 'सेन्सेक्स' या निर्देशांकाचे आधारवर्ष १९७८-७९ असून त्या वेळचे मूल्य १०० धरलेले आहे. जुलै २०२४ मध्ये त्याने ८०,०००ची पातळी ओलांडली. 'पैसे आठशेपट झाले!' ही घोषणा ऐकून माणूस थक्क होतो. येथे लॉगरिथमची जुनी कोष्टके उपयोगी पडतात. सुमारे सव्वापंचेचाळीस वर्षांत आठशेपट वाढ म्हणजे दरसाल सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास वाढ. हा दर चांगलाच आहे, लाभांश त्यात धरलेलाही नाही, परंतु तो चमत्कार नव्हे. त्यातून महागाईचा दर वजा केला की खरी वाढ हाती येते. कोणताही मोठा आकडा दरसाल दरशेकड्यात आणून मांडण्याची सवय ही वित्ताच्या विद्यार्थ्याची पहिली दीक्षा होय. कागद हाताशी नसेल तर ७२ या संख्येला व्याजदराने भागावे. उत्तर येते तेवढ्या वर्षांत रक्कम चक्रवाढीने साधारणतः दुप्पट होते. आठ टक्क्यांना नऊ वर्षे, बारा टक्क्यांना सहा.

हप्ता आणि वटाव

आता हप्त्याकडे वळू. एक लाख रुपयांचे कर्ज, मुदत तीन वर्षे, 'फ्लॅट' व्याज १२ टक्के. व्याज ३६,००० रुपये, एकूण परतफेड १,३६,००० आणि मासिक हप्ता सुमारे ३,७७८ रुपये. हिशेबात खोट काढता येत नाही. परंतु पहिल्या हप्त्यापासूनच आपण मुद्दल फेडू लागलेलो असतो आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण एक लाखावर आकारले जाते. उरलेल्या शिलकीवर हिशेब मांडला तर याच कर्जाचा दर दरसाल २१ टक्क्यांच्या वर जातो. जवळजवळ पावणेदोनपट! रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर एका स्वतंत्र पत्रकात छापणे बँकांना व वित्तसंस्थांना बंधनकारक केले आहे. हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु त्या पत्रकातील दर आणि विक्रेत्याने तोंडी सांगितलेला दर वेगळे का, असा प्रश्न ग्राहकाला पडलाच नाही, तर ते पत्रकही इतर कागदांबरोबर बासनात जाईल.

अर्धे गणित हे कधी कधी अज्ञानाइतकेच फसवे असते, याचेही उदाहरण देतो. एखाद्या विमा योजनेत दरवर्षी ५०,००० रुपये याप्रमाणे वीस वर्षे भरावयाचे आणि विसाव्या वर्षाअखेर २० लाख मिळावयाचे, असे समजा. 'दहा लाख भरा, वीस लाख घ्या' असे विक्रेता म्हणतो. त्यावर ७२ चा नियम नुकताच शिकलेला विद्यार्थी उसळून म्हणेल, 'वीस वर्षांत दुप्पट, म्हणजे दर अवघा ३.६ टक्के!' दोघेही चुकले. कारण दहा लाख रुपये पहिल्या दिवशी भरलेले नाहीत. पहिला हप्ता वीस वर्षे गुंतला, शेवटचा केवळ एक वर्ष. प्रत्येक हप्त्याची मुदत लक्षात घेऊन श्रेढीची बेरीज केली, तर विम्याच्या संरक्षणाचे मोल वेगळे ठेवून हा दर सुमारे ६.२ टक्के येतो. तो विक्रेता भासवतो तसा भरघोस नाही आणि टीकाकार म्हणतो तितका क्षुल्लकही नाही.

ही श्रेढी म्हणजेच वित्तशास्त्राचा कणा. आजचे शंभर रुपये आणि पाच वर्षांनंतरचे शंभर रुपये एक नव्हेत, हे हुंडीचा व्यवहार करणाऱ्या आपल्या पेढ्यांना पुस्तकांवाचून ठाऊक होते. मुदतीपूर्वी हुंडी वटवावयाची तर वटाव द्यावा लागे. 'वर्तमान मूल्य' हे पाठ्यपुस्तकी नाव धारण करणारी कल्पना म्हणजे दुसरे काही नसून हा वटावच होय.

या कल्पनेचे महत्त्व निवृत्तिवेतनाच्या वादात विशेष जाणवते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी योजना नाही. ती मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. दोन्ही बाजूंनी घोषणा झाल्या, त्यामानाने हिशेब कमी झाले. समजा, निवृत्त शिक्षकाला वर्षाला ३ लाख ६० हजार रुपये याप्रमाणे वीस वर्षे मिळणार आहेत आणि सोयीसाठी ती रक्कम वर्षअखेरीस एकदम मिळते. वटावाचा दर ७ टक्के धरला, तर या हक्काचे निवृत्तीच्या दिवशीचे मूल्य सुमारे ३८ लाख १४ हजार रुपये होते. हेच निवृत्तिवेतन महागाई भत्त्यामुळे दरसाल ५ टक्क्यांनी वाढत असेल, तर ते मूल्य ५६ लाख ५८ हजारांवर जाते. म्हणजे महागाईशी असलेल्या जोडणीची किंमत एका व्यक्तीमागे अठरा लाखांहून अधिक आहे. कर्मचाऱ्याने हा आकडा जाणावा, म्हणजे आपण नेमके काय गमावले हे त्याला कळेल. शासनाने आणि करदात्यानेही तो जाणावा, म्हणजे आपण नेमके काय देऊ करीत आहोत हे त्यांना कळेल. मतभेद त्यानंतरही राहतील, पण ते निदान एकाच आकड्याविषयी असतील.

सरासरीची फसवणूक

वर ज्या ९३ टक्क्यांचा उल्लेख केला, त्यांच्याकडे पुन्हा येऊ. एका वर्षी ५० टक्के नफा आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के तोटा झाला, तर 'सरासरी' शून्य येते. परंतु शंभराचे दीडशे आणि दीडशेचे पंचाहत्तर झालेले असतात. साधी सरासरी बेरजेच्या जगात खरी असते. पैसा गुणाकाराने वाढतो व घटतो, म्हणून तेथे भूमिती मध्य काढावा लागतो. जाहिरातीतील 'सरासरी परतावा' यांपैकी कोणता, हे विचारणारा ग्राहक विरळा.

दुसरी गोष्ट संभाव्यतेची. दहांपैकी नऊ वेळा हजार रुपये मिळतात आणि एकदाच बारा हजार जातात, असा एक व्यवहार कल्पावा. हा करणारा मनुष्य बहुतेक दिवशी जिंकतच असतो, मित्रांना सांगतही असतो. परंतु नऊ हजार मिळवून बारा हजार गमावले, म्हणजे दर खेपेस सरासरी तीनशे रुपयांचा तोटा. किती वेळा जिंकलो हा प्रश्न अपुरा आहे. जिंकताना किती आणि हरताना किती, हे त्याच्याशी गुणले पाहिजे. त्यातही फ्युचर्स-ऑप्शन्सच्या व्यवहारात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा असतो. दलाली, शुल्क आणि कर वजा जाता सर्वांची मिळून सरासरी ऋणच येणार, हे सिद्ध करण्यास कोणत्याही पाहणीची आवश्यकता नाही. त्याला इयत्ता पाचवीची बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे.

राहिली बदलाच्या दराची कल्पना. कलनशास्त्राचे नाव काढताच विद्यार्थी दचकतात. पण आरंभी हवे असते ते एवढेच : एक गोष्ट थोडी बदलली तर दुसरी किती बदलते? सात टक्के व्याजाचा शंभर रुपयांचा दहा वर्षांचा कर्जरोखा घेतला आणि बाजारातील दर आठ टक्के झाला, तर त्या रोख्याची किंमत सुमारे ९३ रुपये २९ पैशांवर येते. मुदत लांब असेल तर हा फटका वाढतो. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली, तिच्या मुळाशी व्याजदर वाढल्याने दीर्घ मुदतीच्या रोख्यांवर झालेला तोटा होता. सूत्र जुनेच होते. त्याकडे वेळीच पाहिले गेले नाही.

गणिताची मर्यादा

येथे एक आक्षेप संभवतो. गणित आले म्हणजे शहाणपण येते काय? मुळीच नाही. रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते दोघे ज्या 'लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट' या संस्थेशी संबंधित होते, ती दुसऱ्याच वर्षी, १९९८ मध्ये, कोसळण्याच्या बेतास आली. गणित गृहीतकांवर चालते आणि गृहीतके माणसे निवडतात. म्हणूनच दामदुप्पटीसारखे नियम, रिझर्व्ह बँकेची बंधने आणि 'सेबी'चे निर्बंध यांची आवश्यकता शिक्षणामुळे संपत नाही. फसणाऱ्यालाच 'तू गणित का शिकला नाहीस' असे विचारून शासनाने आपली जबाबदारी झटकणे हा अन्यायच होय. तथापि कायदा हा तक्रार करणाऱ्याला साहाय्य करतो, आणि आपली तक्रार आहे हे कळण्यासाठीच आधी हिशेब यावा लागतो.

'आता यंत्र सगळे करते' हा दुसरा आक्षेप. यंत्र आकडेमोड करते आणि ती त्याने अवश्य करावी. आम्हालाही हातांनी हप्ते काढण्याची हौस नाही. परंतु दर फ्लॅट की घटत्या शिलकीवरचा, मासिक की वार्षिक, हे यंत्रात कोण भरणार? चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर यंत्र निमूटपणे देते. उत्तर अंदाजाने कोठवर असावे हे ज्याला कळत नाही, त्याला यंत्राची चूकही कळत नाही आणि स्वतःचीही.

मग करावे काय? उपाय खर्चिक नाहीत. वित्ताच्या प्रत्येक पदवी अभ्यासक्रमाच्या आरंभी सहा आठवड्यांची गणिताची उजळणी सक्तीची असावी आणि तीत वर सांगितलेल्या पाच-सहा कल्पनांपलीकडे काही नसावे. अकरावीला गणित सोडणाऱ्यांसाठी व्यवहारगणिताचा एक छोटा विषय असावा. परीक्षेत सूत्र लिहावयास न सांगता प्रत्यक्ष कर्जपत्रक, विम्याचे माहितीपत्रक किंवा वेतनचिठ्ठी समोर ठेवावी आणि विचारावे, 'यातील खरा दर कोणता?' आणि भाषा मराठी असावी. मुद्दल, रास, मुदत, हप्ता, वटाव हे शब्द घरात वापरात असताना विद्यार्थ्याने ते केवळ परक्या भाषेत शिकावे आणि घरी येऊन आईवडिलांना समजावता येऊ नये, हे शिक्षणाचे अपयश आहे.

शिक्षक, कारकून, विद्यार्थी या आपल्या मध्यमवर्गाची बहुतेक बचत हप्त्याहप्त्यानेच जमते आणि कर्जही हप्त्याहप्त्यानेच फिटते. त्याला मोठी चूक परवडत नाही आणि लहान चूक वीस वर्षे चालली की मोठी होते. १८७५ च्या शेतकऱ्यापाशी कागद जाळण्यावाचून मार्ग उरला नव्हता. आपल्यापाशी तो वाचण्याचा मार्ग आहे. पुढच्या वेळी कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : दर कशावर, दर किती मुदतीचा, आणि पैसा नेमका केव्हा येणार व केव्हा जाणार? या तिहींची उत्तरे मिळेपर्यंत लेखणी खाली ठेवावी.